तांबड्याचा ता

आजोबा गेल्यावर त्यांच्या टेबलाचा खण आवरताना आईला पत्र्याची एक चपटी पेटी सापडली. आत बारा रंगीत पेन्सिली. काही बोटभर उरलेल्या, काही जवळजवळ कोऱ्या. प्रत्येक पेन्सिलीचं शेपूट पात्यानं तासून तिथलं पांढरं लाकूड उघडं केलेलं, आणि त्या लाकडावर निळ्या शाईत एकेक अक्षर. ता. हि. त. जां. गु. रा. अक्षरं लहान मुलाच्या हातची, गोलसर, जरा तिरकी. ‘हि’ची वेलांटी एवढी मोठी की ती पेन्सिलीच्या कडेवरून पलीकडे उतरलेली.

आई ती पेटी मांडीवर घेऊन बराच वेळ नुसती बसून राहिली. अक्षर तिचंच होतं. ती सात-आठ वर्षांची असताना आजोबांनी तिला समोर बसवून एकेका पेन्सिलीचा रंग विचारला होता आणि तिच्याकडूनच लिहून घेतला होता. नोकरीत त्यांना नकाशे रंगवावे लागत. “मला वाटलं अण्णांना बारीक दिसत नसेल,” ती म्हणाली. मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या एका नजरेत आम्हा दोघांच्याही डोक्यात एकच गोष्ट एकाच वेळी लख्ख झाली. कारण मी दुसरीत असताना माझ्या रंगीत खडूंनाही तिनंच अक्षरं चिकटवली होती.

त्याचं असं झालं होतं. मी झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवली. बाईंना वाटलं, मुद्दाम केलंय. त्यांनी ते चित्र वर्गासमोर धरलं आणि सगळे हसले. घरी येऊन मी आईला एवढंच सांगितलं की मला खडूंवर नावं हवीत. तिनं कागदाचे कपटे कापले, खळ लावली, आणि संध्याकाळ व्हायच्या आत डबा माझ्या हातात दिला. का म्हणून विचारलं नाही. तिच्या हातांना ते काम ओळखीचं होतं. आधी बापासाठी, मग मुलासाठी, मध्ये साधारण तीस वर्षं. स्वतः तिला मात्र प्रत्येक रंग दिसत होता. इतका की दोऱ्याचं रीळ घरी ठेवून, नुसत्या आठवणीवर, ती त्याच्याच जोडीचा दोरा निवडून आणायची.

मला काय आहे ते सतराव्या वर्षी कळलं. वैद्यकीय तपासणीत माझ्यासमोर ठिपक्याठिपक्यांची पानं धरली गेली. जपानचे नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीतली ती पानं आजही जगभर वापरली जातात. त्यातल्या एका पानावर सगळ्यांना ७४ दिसतात. मी २१ म्हणालो. खात्रीनं म्हणालो, कारण २१ तिथं स्पष्ट होते. ज्याला तांबडं-हिरवं वेगळं करता येत नाही त्याला ते पान २१ च दाखवतं, ते तसंच रचलेलं आहे. मला न दिसणारी गोष्ट मला दिसत नाही हे कळणं एक. पण मला दिसतंय ते इतरांना दिसत नाही, हे त्या पानानं मला पहिल्यांदा सांगितलं.

आई बाहेर बाकावर होती. तिनं आत येऊन विचारलं, “माझ्याकडून आलं का?” डॉक्टर म्हणाले, “आईकडूनच येतं हे.” आणि त्यांनी पुढच्या मुलाला हाक मारली.

तीन शब्द. चूक एकही नव्हता. पण आईनं ते तीन शब्द पुढं कित्येक वर्षं काखेत धरून ठेवले. मी रस्ता ओलांडताना, मी शर्ट निवडताना, मी पिकलेलं फळ समजून कच्चं तोडताना ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघायची, त्या नजरेत ते शब्द मला दिसायचे. आजोबांची पेटी सापडली तेव्हा तिला पहिल्यांदा उमगलं की हे तिच्यापाशी सुरू झालेलं नाही. तेव्हापासून मी आनुवंशिकतेबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे. आज लिहितोय ते एका अर्थी तिच्याच प्रश्नाचं उत्तर आहे, त्या तीन शब्दांपेक्षा थोडं लांब.

आपल्याकडे बाळ जन्मलं की पहिला प्रश्न असतो, कुणावर गेलंय? नाक आत्याचं, कपाळ आजीचं, चिडकेपणा बापाचा. ‘खाण तशी माती’ ही म्हण त्याच समजुतीतून आलेली. म्हणजे जे मागं होतं तेच पुढं दिसणार, आणि जे पुढं दिसतंय ते लगेच मागच्या पिढीत असणार. माझ्या घरात ही म्हण लागू पडत नाही. खाण आणि माती यांच्यामध्ये एक माणूस होतं, जिच्यात ती गोष्ट होती आणि दिसत नव्हती.

हे ‘असणं पण न दिसणं’ पहिल्यांदा नीट मोजलं ते ग्रेगोर मेंडेलनं, ब्रनोच्या मठातल्या वाटाण्यांवर. गोल दाण्याचे आणि सुरकुतलेल्या दाण्याचे वाण त्यानं एकमेकांशी जुळवले. पुढच्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुतलेला एकही नाही. इथपर्यंत बघून कुणीही म्हटलं असतं की सुरकुती संपली. मेंडेलनं ते संकरित दाणे पेरले, २५३ झाडं वाढवली, आणि त्यांच्या शेंगा सोलून ७३२४ दाणे एकेक करून मोजले. ५४७४ गोल. १८५० सुरकुतलेले. आजोबांची गोष्ट नातवंडांत परत आली होती, आणि अगदी हिशेबात आली होती: तिनास एक. मधली पिढी गोल होती, पण तिच्या पोटात सुरकुती जशीच्या तशी जपलेली होती. तिच्यात काही मिसळलं नव्हतं, ती पातळ झाली नव्हती. १८६५ साली त्यानं हे ब्रनोतल्या सभेत वाचून दाखवलं, १८६६ साली ते छापलं गेलं, आणि १९०० सालापर्यंत त्याचं महत्त्व फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. तोवर मेंडेलला जाऊन सोळा वर्षं झाली होती. तरी मला त्या दाण्यांच्या मोजणीतच खरा दिलासा वाटतो. इतका धीर धरून शेंगा सोलणारा माणूस मधल्या पिढीला दोष देत बसला नव्हता. त्यानं तिच्यात काय लपलंय ते फक्त बघितलं.

रंगांचं गणित वाटाण्यापेक्षा जरा वेगळं आहे, आणि त्या वेगळेपणातच आईच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. तांबडं आणि हिरवं ओळखणाऱ्या प्रथिनांची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. बाईकडे एक्स दोन, पुरुषाकडे एक. आजोबांचा एकुलता एक एक्स सदोष होता. मुलीला बापाकडून जो एक्स मिळतो तो तोच. दुसरा त्याच्याकडे नसतोच. म्हणजे आईला तो मिळणार हे तिच्या जन्माआधीच ठरलेलं. तिला वाचवलं ते आजीकडून आलेल्या दुसऱ्या एक्सनं. मग माझी पाळी आली तेव्हा आईच्या दोनांपैकी एकच मला मिळणार होता. नाणं उडालं. माझ्या वाट्याला आजोबांचा आला. (काटेकोर सांगायचं तर अख्खा आजोबांचा नव्हे. अंडपेशी तयार होताना आईचे दोन्ही एक्स आपसात तुकड्यांची अदलाबदल करतात. पण ज्या तुकड्यात हे रंग आहेत तो आजोबांचा.)

स्वित्झर्लंडचे नेत्रवैद्य योहान फ्रीडरिश होर्नर यांनी १८७६ साली घराण्यांच्या वंशावळी तपासून हे आजोबा-मुलगी-नातू असं वळण मांडलं होतं. त्यांना गुणसूत्र माहीत नव्हतं. १९११ साली एडमंड विल्सन यांनी रंगांधळेपणाचं जनुक एक्सवर असणार असं दाखवलं. माणसाच्या कुठल्याही जनुकाचा विशिष्ट गुणसूत्रावरचा पत्ता सापडण्याची ती पहिली वेळ. एवढ्या सगळ्या गुणांतून पहिला पत्ता माझ्या आजोबांच्या पेन्सिलींचा लागला, याचं मला अजून नवल वाटतं.

उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर शंभरांत सुमारे आठ जणांना असा दोष असतो, बायकांत दोनशेत एखादीला. बाईला दोन्ही एक्सवर दोष मिळावा लागतो, म्हणून इतका फरक. बाकीच्या कितीतरी जणी आईसारख्या, घेऊन चालणाऱ्या. शास्त्रात त्यांना ‘वाहक’ म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. ओझं वाहणारीला निदान ओझं आहे हे ठाऊक असतं.

आता डाल्टनकडे यायला हवं, कारण त्याच्याशिवाय मला ही गोष्ट सांगता येत नाही.

जॉन डाल्टन म्हणजे अणुसिद्धांतवाला. शाळेत त्याचं नाव सगळ्यांनी वाचलेलं असतं. १७९२ साली, पंचवीस-सव्वीस वर्षांचा असताना, त्यानं जिरेनियमचं एक फूल मेणबत्तीच्या उजेडात बघितलं. इतरांना गुलाबी दिसणारं ते फूल त्याला दिवसा आकाशासारखं निळं दिसायचं. मेणबत्तीपुढं ते लाल झालं. त्यानं मित्रांना बोलावून दाखवलं. दिवसा आणि रात्री रंगात विशेष फरक नाही, असं सगळे म्हणाले. फक्त एका माणसाला डाल्टनसारखंच दिसलं, त्याच्या भावाला. १७९४ साली त्यानं मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीपुढं स्वतःच्या नजरेवर निबंध वाचला. रंगदृष्टीतल्या दोषाचं ते पहिलं बारकाईनं केलेलं शास्त्रीय वर्णन मानलं जातं. कितीतरी युरोपीय भाषांत या दोषाला अजून त्याच्याच नावानं ओळखतात.

कारणाच्या बाबतीत मात्र तो चुकला. त्याला वाटलं, आपल्या डोळ्यातला द्रव निळा असणार आणि तो तांबडा उजेड गिळत असणार. हे तपासायचं कसं? त्यानं सांगून ठेवलं, मी मेल्यावर माझे डोळे काढून बघा. १८४४ साली तो गेला. जोसेफ रॅनसम नावाच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी एका डोळ्यातला द्रव काचेच्या वाटीत ओतला. तो पाण्यासारखा स्वच्छ होता. दुसऱ्या डोळ्याच्या मागच्या बाजूला त्यांनी भोक पाडलं आणि त्यातून, डाल्टनच्याच डोळ्यातून, तांबड्या आणि हिरव्या वस्तूंकडे बघितलं. दोन्ही वेगळ्या दिसल्या. म्हणजे दोष भिंगात किंवा द्रवात नव्हता, त्याच्याही मागं कुठंतरी होता. तिथून पुढं जायला १८४४ साली वाटच नव्हती.

पण त्या डोळ्यांचे अवशेष सोसायटीनं जपून ठेवले. दीडशे वर्षं. मग १९९५ साली संशोधकांनी त्यांतला इवलासा तुकडा घेऊन त्यातला डीएनए वाचला. हिरव्यासाठी लागणारं जनुक त्यात नव्हतं. तांबड्याचं होतं. एका माणसानं स्वतःच्या शरीराला प्रश्न विचारला, उत्तर मिळालं नाही, तर तो प्रश्न शरीरासकट पुढच्या लोकांकडे सोपवून गेला. मी हे जेव्हा प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. माझ्या तपासणीच्या कागदावर त्याच प्रकारचं नाव आहे. माझं जनुक कुणी वाचलेलं नाही, पण डाल्टनला जिरेनियमचं फूल जसं दिसलं तसंच बहुधा मला दिसतं.

मग हे जनुक गेलं कुठं?

डोळ्याच्या दृष्टिपटलावर रंगांसाठी शंकूच्या आकाराच्या पेशी असतात, तीन जातींच्या. निळ्याचं जनुक वेगळ्याच, सातव्या गुणसूत्रावर आहे. तांबडं आणि हिरवं मात्र एक्सच्या टोकाशी, एकापाठोपाठ एक, शेजारी शेजारी. आणि ही दोन शेजारी जुळ्यांसारखी आहेत. प्रत्येकापासून बनणारं प्रथिन ३६४ अमिनो आम्लांचं, आणि त्यांत फरक पंधराएक ठिकाणी. तेवढ्यानं एकाला हिरवट उजेड जास्त भावतो आणि दुसऱ्याला पिवळ्या-तांबड्याकडचा. इतकी सारखी असण्याचं कारण असं की ती मुळात एकच होती. तीन-चार कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या आणि आपल्या सामाईक पूर्वजांत कधीतरी, गुणसूत्रांची अदलाबदल होताना नेम चुकला. जनुक एकदा नक्कल व्हायचं ते दोनदा झालं. जादाची प्रत पडून राहिली, तिच्यात बारीकसारीक बदल साठत गेले, आणि एक दिवस त्या प्राण्याच्या पिल्लांना हिरव्या पानांत तांबडं फळ उठून दिसू लागलं. दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक माकडांत ही दुसरी प्रत नाही. त्यांच्यातले सगळे नर माझ्यासारखे, आणि माद्यांपैकी काहींनाच तीन रंग.

आता गंमत नव्हे, मर्म असं आहे. दोन जनुकं शेजारी आणि इतकी सारखी असली की अदलाबदलीच्या वेळी दोन एक्स एकमेकांशी सरळ जुळण्याऐवजी एक घर सरकून जुळू शकतात. मग एका बाजूला तीन प्रती जातात आणि दुसऱ्या बाजूला एकच उरते. ज्या अंडपेशीत एकच उरली, तिच्यातून माझ्यासारखे मुलगे येतात. दोन एक्स बाईकडेच असतात, म्हणून अशी घसरण बाईच्याच शरीरात होते, कुठल्यातरी आजीच्या, पणजीच्या किंवा त्याहीपलीकडच्या, नाव पुसलेल्या कुणा बाईच्या अंडपेशीत, आणि तीही बहुधा ती बाई अजून आपल्या आईच्या गर्भात असतानाच. कारण अंडपेशींची ही अदलाबदल मुलगी जन्माला यायच्या आधीच सुरू झालेली असते.

म्हणजे माणसाला तांबडं-हिरवं ज्या घसरणीनं दिलं, तसल्याच घसरणीनं ते माझ्याकडून काढून घेतलं. देणारा आणि घेणारा हात एकच. मला हे कळलं तेव्हा मी आईला फोन केला. सगळं सांगून झाल्यावर ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, “म्हणजे कुणीच काही केलं नाही.” मी म्हटलं, नाही. तिनं पुन्हा विचारलं, “मीसुद्धा?” मला त्या ‘सुद्धा’नं पोटात कळ आली. सतराव्या वर्षीच्या त्या खोलीत कुणीतरी आणखी पाच मिनिटं तिच्याशी बोलायला हवं होतं.

‘कुणाकडून आलं’ या प्रश्नातला दोष एका घरात राहिला तर एका बाईचं आयुष्य कुरतडतो. सरकारच्या हातात गेला की काय होतं याचाही इतिहास आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८३ साली ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला. चांगल्या वाणाची माणसं वाढवायची आणि बाकीची कमी करायची, अशी ती कल्पना. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कॅरी बक नावाच्या तरुणीची सक्तीनं नसबंदी करायला मान्यता दिली, ती आणि तिची आई मतिमंद आहेत आणि हे वंशात उतरतं, असं सांगून. ती मतिमंद नव्हती, हे पुढं उघड झालं. त्या देशात साठ हजारांहून अधिक लोकांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या, आणि जर्मनीत नाझींनी १९३३ साली तसाच कायदा करून त्याची परिसीमा गाठली. त्या सगळ्यांनी मेंडेलचं नाव घेतलं. मेंडेलचे सुरकुतलेले दाणे मात्र टाकाऊ नव्हते. त्यांची सुरकुती कुठून येते ते १९९० साली सापडलं: पिठूळ पदार्थाच्या फांद्या जोडणारं विकर त्यांच्यात बनत नाही, म्हणून त्यांच्यात साखर जास्त राहते, ती पाणी ओढून घेते, आणि दाणा वाळताना आक्रसतो. सुरकुतलेला दाणा जास्त गोड असतो, एवढंच.

माझ्या नजरेतही तोटाच आहे असं नाही, हे मला उशिरा कळलं. कोस्टारिकातल्या कॅपुचिन माकडांवरच्या अभ्यासात दिसलं की पानांच्या रंगात लपलेले किडे टिपण्यात दोनच जातींच्या शंकुपेशी असलेली माकडं तीन जातींच्या असलेल्यांपेक्षा सरस ठरतात. रंगानं डोळा दिपला नाही की आकार आणि पोत आधी दिसतात. आमच्या घरात गवतात पडलेली सुई, पाचोळ्यात बसलेला टोळ, फरशीवरचा पारदर्शक मणी शोधायला मलाच बोलावतात. आजोबांनाही बोलावत असत, असं आई सांगते.

या दोषावर उपाय निघेल का, असं मला लोक विचारतात. निघू शकेल. वॉशिंग्टन विद्यापीठातले जे आणि मॉरीन नाइट्झ हे दांपत्य आणि त्यांचे सहकारी यांनी दोन नर स्क्विरल मंकींच्या डोळ्यांत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून, माणसाचं तांबड्याचं जनुक सोडलं. जन्मापासून ज्यांना तांबडं-हिरवं वेगळं करता येत नव्हतं अशी ती प्रौढ माकडं. पडद्यावरच्या राखाडी ठिपक्यांत रंगीत ठिपक्यांचा पुंजका ओळखून बोट लावलं की रस मिळायचा. सुमारे वीस आठवड्यांनी, आजवर जिथं नुसते अंदाज चालले होते तिथं ती अचूक बोट लावू लागली. २००९ साली हे प्रसिद्ध झालं. एका माकडाचं नाव सॅम. दुसऱ्याचं डाल्टन. मेंदू मोठा झाल्यावरही नवा रंग स्वीकारतो, हे त्या दोघांनी दाखवलं.

मला तसं करून घ्यावंसं वाटतं का? खरं सांगतो, एकदा तरी वाटतं. आईनं जुळवलेला दोरा तिला जसा दिसायचा तसा बघायला मिळावा म्हणून. पण माझ्या डोळ्यात चूक दुरुस्त करायची आहे म्हणून नाही. आणि पुढच्या पिढीत हे जाऊ नये म्हणून भ्रूणातलीच अक्षरं बदलावीत, असं कुणी सुचवलं तर माझं उत्तर ठाम नाही असं आहे. क्रिस्परसारख्या साधनानं जनुकात नेमका बदल करता येतो, २०२० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच मिळालं, आणि सिकल सेलसारख्या यातना देणाऱ्या आजारावर त्याचे उपचार २०२३ पासून मंजूरही झाले आहेत. तिथं ते हवंच, आणि ज्या कुणाला हवं त्या प्रत्येकापर्यंत पोचायला हवं. पण वेदना आणि वेगळेपण यांच्यातली रेघ पुसली, तर कॅरी बकची गोष्ट पुन्हा नव्या कपड्यांत येईल, याची मला खरोखर भीती वाटते.

माझी धाकटी बहीण या सगळ्यात आईच्या जागी उभी असू शकते. तिला आजोबांचा तुकडा मिळाला असण्याची शक्यता निम्मी. तिचा मुलगा पाच वर्षांचा झाला तेव्हा ती त्याला घेऊन आली आणि म्हणाली, “दादा, तूच घे त्याची चाचणी.” मी पान समोर धरलं. तो क्षणाचाही विलंब न करता म्हणाला, “सात आणि चार.” बहिणीनं सुटकेचा श्वास सोडला, आणि मग मीच तिला कागदावर हिशेब मांडून दाखवला. तिच्यासारख्या शंभर बहिणी धर. पन्नास जणींकडे ते आहे, पन्नास जणींकडे नाही. प्रत्येकीला एक मुलगा. ज्यांच्याकडे आहे त्यांच्यातल्या पंचवीस जणींच्या मुलांना रंग नीट दिसतील. ज्यांच्याकडे नाही त्या पन्नासांच्या सगळ्यांच्याच. म्हणजे रंग ओळखणारा मुलगा असलेल्या पंचाहत्तर, आणि त्यांत अजूनही पंचवीस जणींकडे ते आहे. तीनात एक. भाच्याच्या एका उत्तरानं तिची शक्यता निम्म्यावरून तिसऱ्या हिश्शावर आली, शून्यावर नाही. ती आकडेमोडीकडे बघत म्हणाली, “आईला हे असं कुणी समजावलं असतं तर.”

माझ्या मुलीच्या बाबतीत मात्र असला काहीच हिशेब करावा लागत नाही. माझ्याकडे एकच एक्स आहे आणि तो तिला मिळालाय. नाणं उडालंच नाही. आजोबांनी आईला जे दिलं तेच मी तिला दिलं.

ती नऊ वर्षांची आहे. रंगांच्या बाबतीत आजीवर गेलीये, असं सगळे म्हणतात. मी तिला परवा मेरी लायन यांची गोष्ट सांगितली. मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असतात, पण गर्भात असतानाच प्रत्येक पेशी त्यांतला एक मिटवून टाकते, कुठला ते जवळजवळ चिठ्ठ्या टाकून ठरतं, आणि त्या पेशीच्या सगळ्या लेकींमध्ये तोच मिटलेला राहतो. लायन यांनी १९६१ साली हे मांडलं. काळ्या-नारिंगी ठिपक्यांच्या मांजरी म्हणूनच बहुतेक सगळ्या माद्या असतात: काळा ठिपका एका एक्सचा, नारिंगी दुसऱ्याचा. २००१ साली टेक्सासमध्ये अशाच एका मांजरीचा क्लोन केला, तर जन्मलेल्या पिल्लात नारिंगी औषधालाही नव्हता. जनुकं तीच, पण ज्या पेशीपासून ती घडवली तिच्यात नारिंगीचा एक्स मिटलेला होता. हे ऐकून मुलीला ते पिल्लू हवंसं झालं. मग मी तिला म्हटलं, तुझ्या डोळ्यातही असंच आहे. दृष्टिपटलावर कुठं आईचा एक्स उघडा, कुठं माझा. माझा उघडा आहे त्या बारीक बारीक ठिपक्यांत हिरव्याची पेशी नाही. तेवढ्या जागी तुझा डोळा माझ्यासारखं बघतो. शेजारच्या ठिपक्यांमुळे तुला ते कळत नाही, इतकंच.

तिनं आधी एक डोळा मिटला, मग दुसरा. मग आजोबांच्या पेटीतली ‘ता’ची पेन्सिल उचलून डोळ्यांपुढं धरली आणि सावकाश डावीकडून उजवीकडे नेली, वरून खाली नेली.

“काय करतेस?”

“बाबा, थांब ना. तुझे ठिपके शोधते.”

“सापडले?”

“अजून नाही,” ती म्हणाली, आणि पेन्सिल पुन्हा डाव्या टोकाला नेली.